आतल्या बाजूचा वाघ

आमच्याकडे नाताळचे दागिने दोन दिवस आधी बाहेर निघतात. आई पत्र्याचा डबा घेऊन अंगणात उन्हाला बसते, गोधडी अंथरते आणि एकेक वस्तू तिच्यावर मांडते. चांदीचे वाळे, दंडातली कडी, काचमण्यांच्या तीन माळा, कमरेची साखळी, जिचा आकडा माझ्या लहानपणापासून तुटलेला आहे. मग रिठ्याच्या पाण्यात सगळं बुडवायचं, जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसायचं आणि यंदा काय घालायचं ते ठरवायचं. ठरवायचं म्हणजे काय, ती दरवर्षी तेच घालते. वाळे, दोन माळा आणि गळ्यातलं मंगळसूत्र. पण ठरवण्याचा सोहळा व्हायलाच हवा. प्रत्येक वस्तू उचलायची, उन्हात धरायची, "ही नको, ही टोचस" म्हणत खाली ठेवायची.

त्यात एक चांदीचा क्रॉस आहे, बोटाच्या दोन पेरांएवढा. तो ती सगळ्यात शेवटी उचलते, तळहातावर घेऊन हलकेच वरखाली करते आणि परत डब्यात टाकते. सव्वीस-सत्तावीस वर्षांत तो तिच्या गळ्यात मी पाहिला नाही. त्यामागची खरी गोष्ट मला माहीत होती. माझ्याशिवाय घरात कोणालाच नव्हती.

तो क्रॉस आधी वाघ होता.

आमचा पाडा साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराला टेकलेला. आजोबा येशूकडे आले तेव्हा पाड्यातल्या बायकांना सांगण्यात आलं की अंगावर जुन्या देवांच्या खुणा ठेवू नका. माझ्या आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं चांदीचं पदक होतं, अंड्यासारखं लांबट, आणि त्यावर ठशाने उठवलेला वाघ. आमच्या डोंगरात वाघाला देव मानत, अजूनही कोणी कोणी मानतात. आजीने पदक उतरवलं नाही. तिने ते फक्त फिरवलं. वाघ आत, गुळगुळीत पाठ बाहेर. उपदेशकाला गुळगुळीत चांदी दिसली, त्याचं समाधान झालं. वाघ आजीच्या छातीशी राहिला, आजीही सुखात.

आजीनंतर ते आईकडे आलं. आईनेही तसंच घातलं. उन्हाळ्यात शेतातून येऊन ती मोरीत अंगावर पाणी घ्यायला बसली की पदक बाजूला व्हायचं आणि घामेजल्या कातडीवर वाघाचा लालसर छाप दिसायचा. गाल फुगलेला, शेपूट पाठीवर वळवलेलं. मी तो बोटाने पुसायचे आणि तो पुसला जायचा नाही. आई हसायची. तो वाघ आम्हा दोघींचा होता, तिसऱ्या कोणाला दिसत नसे.

पुढे मी शिकले, धुळ्यात शाळेत लागले, धुळ्यातल्याच घरात लग्न होऊन गेले. सासरचे लोक चार पिढ्यांचे ख्रिस्ती. घरात पियानोसारखी वाजणारी पेटी, टेबलावर जेवण, सासूबाईंच्या गळ्यात सोन्याचा नाजूक क्रॉस. त्या घरात माझ्याबद्दल कोणी वाईट बोललं नाही. मीच सारखी अंग चोरून बसायचे. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला सासूबाई म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडे येऊ की सगळे, विहीणबाईंचे मांडे खायला." मला घराचं, शेणाच्या अंगणाचं, कशाचंच काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आई मांडे टाकायला खापरावर वाकणार, पदक उलटणार आणि सासूबाई वाघ बघणार.

आईला सांगायची हिंमत नव्हती. त्याच आठवड्यात मी पाड्यावर गेले, तर पदकाची कडी झिजली म्हणून तिने ते माझ्याकडे दिलं, साक्रीहून नीट करून आण म्हणाली. बाजारात कोपऱ्यावर सोनार आबांचं दुकान होतं. डोंगरातल्या सगळ्या पाड्यांची चांदी त्यांच्याच हातची. मी पदक त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "याचा क्रॉस करा."

त्यांनी ते चिमट्यात धरलं. "अक्का, मायले इचारं ना?"

"तिनेच पाठवलंय."

"मग तिले सांग, वाघ गया ते परत येत नही."

मी मान डोलावली. त्यांनी पदक मुशीत ठेवलं आणि फुंकणी लावली. मी तिथेच बसून होते. वाघ आधी काळवंडला, मग लाल झाला. आधी कान गेले, मग शेपूट, आणि मग एकदम सगळाच थेंब झाला. क्रॉस तयार झाल्यावर आबांनी उरलेल्या चांदीचा हरभऱ्याएवढा दाणा कागदाच्या पुडीत बांधून हातात दिला. "हाई तुमनी," म्हणाले.

तो दाणा मी पुलावरून नदीत टाकला. घरी काय सांगायचं ते एव्हाना ठरलं होतं. आबांच्या हातून चुकून पदक मोडीत गेलं, वितळलं, आणि भरपाई म्हणून त्यांनी हा क्रॉस करून दिला, असं. चुकून वितळवणारा माणूस दाणा कशाला बांधून देईल? म्हणून दाणा नको होता.

आईने गोष्ट ऐकली. रडली नाही. क्रॉस तळहातावर घेतला, हलकेच वरखाली केला आणि म्हणाली, "कमी शे. चांदी खादी त्यानी."

मी बोलायला हवं होतं. मी "चूक झाली त्यांची" एवढंच ठरवलेलं होतं, चोरी माझ्या डोक्यात नव्हती. पण वजन खरंच कमी होतं आणि ते का कमी होतं ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी चूल फुंकायला लागले. आठवडाभरात पाडाभर झालं की कोपऱ्यावरचा सोनार चांदी खातो. आमच्या पाड्याच्या बायका दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या.

त्या नाताळाला सासूबाई आल्या, जेवल्या. चार मांडे खाल्ले. पूर्ण दिवसात त्यांनी आईच्या गळ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्या आईच्या हातांकडे बघत होत्या, मांडा एवढा पातळ ताणतात कसा ते शिकायला. परत जाताना गाडीत त्या मांड्याबद्दलच बोलत होत्या आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते.

एवढंच आहे माझं पाप. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण दरवर्षी रिठ्याचं पाणी, दरवर्षी तो तळहात वरखाली, आणि दरवर्षी सोनाराची गोष्ट. मी घरी गप्प, शाळेत गप्प. मला लोक शांत स्वभावाची म्हणतात. वर्गात एखादी पोर खोटं बोलली की मला लगेच कळतं आणि मीच खाली बघते.

यंदा माझी लेक जळगावहून आली, तिथे नोकरी करते. येताना एक ग्रॅमवाला सेट घेऊन आली, तो बघून आई म्हणाली, "सोनं शे का सोनाना फोटू?" लेकही हटणारी नाही. गोधडीवर आजीशेजारी मांडी घालून तिने आपलेही दागिने मांडले आणि दोघी एकमेकींचं घालून बघू लागल्या. मी वालाच्या शेंगा सोलत होते. ऊन छान होतं. अंगणात बांबूच्या कामट्यांचा तारा वाळत टाकलेला, त्याच्या कागदावर कोंबडी चालून गेली होती. इतकं बरं वाटत होतं की मी मनात म्हटलं, असंच राहू दे.

मग लेकीच्या कानातल्याचा आकडा तुटला. "साक्रीला जाऊन येते. कोपऱ्यावर दुकान आहे ना एक?"

"तठे नको जाऊ," आई म्हणाली. "तठे चांदी खाई जातस."

"आजी, तुला दुसरी गोष्ट येत नाही का?"

"येस ना. पन ती बी त्यानीच शे."

लेक खळखळून हसली. आई क्रॉस उचलून तिला दाखवू लागली, बघ कसा हलका आहे, एवढा मोठा वाघ होता. आणि मला दिसलं की ही गोष्ट आता लेकीच्या तोंडी जाणार. आई गेल्यावर ती सांगेल, तिची मुलं सांगतील. त्या म्हाताऱ्याला आमच्या घरात चोर म्हणूनच ओळखतील.

"आई," मी म्हणाले, "आबांनी नाही खाल्ली. मी वितळवायला सांगितलं. उरलेला दाणा त्यांनी दिला होता. मी नदीत टाकला."

बोलून झालं. सत्तावीस वर्षांचं एवढंच बोलणं होतं, शेंगांची एक ओंजळ सोलायला लागेल तेवढं.

लेक माझ्याकडे बघत राहिली. आईने क्रॉस खाली ठेवला. माझ्यापुढची टोपली ओढून घेतली आणि शेंगा सोलायला लागली. मी सासूबाईंचं सांगितलं, पेटीचं, टेबलाचं, भीतीचं. ती ऐकत होती की नाही कळेना.

शेवटी मी म्हणाले, "तुला विचारायला हवं होतं."

"इचारं असतं तरी मी देती नही," ती म्हणाली. "पन इचारनं व्हतं." आणि पुढची शेंग उचलत, "त्या मानूसले मी चोर करा. पाडाभर. तू आयकत बसनी."

तिने टोपली बाजूला सारली, गुडघ्यावर हात ठेवून उठली. "डबा भर करंज्यांना. चाल."

"कुठे?"

"कोठे म्हनजे? साक्रीले."

काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या सीटवर आई मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. डबा माझ्या मांडीवर. आई सगळ्या वाटेत माझ्याशी बोलली नाही, समोरच्या बाईच्या कोंबडीशी बोलली.

दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. आबा मागे खुर्चीवर बसलेले, मफलर गुंडाळून, डोळ्यांवर जाड भिंगं. आईने चप्पल काढली, आत जाऊन सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली. मी म्हणणार होते. वाटेत शब्दही जुळवले होते. पण तीच म्हणाली, "आबा, तुम्ही चोर नही शेतस."

आबांनी भिंगं वर केली. "मी चोर व्हतू?"

मग मी सांगितलं. सगळं, दाण्यासकट. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर. लेकीच्या कानातल्याचा आकडा नीट करता करता मुलगा थांबला. आबा कान पुढे करून ऐकत होते.

"उरेल दाना देल व्हता ना मी?"

"होता आबा."

"मंग झालं." ते आईकडे वळले. "माले वाटनं, तुमना पाडाना लोके बी जळगावना सोनावर गयात. मी म्हनं, चांगलं शे, पैसा उना त्यासनाकडे."

आई हसली. मला आधी कळेना की ती हसतेय. तोंडावर पदर धरून खांदे हलवत होती. आबाही हसायला लागले, मग खोकला आला, मुलाने पाणी दिलं. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, की मला सोडवायला ते असं म्हणाले, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. एक पाडाभर गिऱ्हाइकं अशी जातात आणि माणसाला कळत नाही, हे मला तरी पटत नाही.

लेक म्हणाली, "आबा, तसा वाघ परत करून मिळेल?"

"ठसे कवयनाच मोडमा गयात, पोरी." मग आठवून म्हणाले, "आनि खरं सांगू? तो वाघ मना बापनी कोरा व्हता. त्यानी वाघ देखेलच नव्हता. मांजर देखीसन कोरा."

"म्हनून गाल असा व्हतात!" आई म्हणाली.

करंज्या ठेवून आम्ही निघालो. मुलगा आकड्याचे पैसे घेईना. आबांनी आईला दारापर्यंत सोडायला उठायचा प्रयत्न केला, तिने त्यांना बसवलं. परतीच्या गाडीत तिने माझ्या मांडीवरचा रिकामा डबा स्वतःकडे घेतला. एवढंच. पण घेतला.

नाताळच्या सकाळी आम्ही तिघी आतल्या खोलीत तयार होत होतो. बाहेर ढोलाला ऊब देत होते, मधूनच एखादी थाप ऐकू यायची. लेकीने तिचा सोन्याचा फोटू कानात घातला. आईने वाळे चढवले, दोन माळा घातल्या, डबा बंद केला. मग परत उघडला. काळा दोरा काढून त्यात क्रॉस ओवला आणि माझ्याकडे पाठ केली.

"बांध."

तिची मान आता बारीक झालीय. मी गाठ मारली, सैल नाही, घट्ट नाही. ती वळली तेव्हा क्रॉसची मागची बाजू बाहेर होती, जिच्यावर आबांच्या हातोडीचे बारीक ठोके आहेत.

"आजी, उलटा झालाय," लेक म्हणाली आणि फिरवायला गेली.

आईने तिचा हात अडवला. "उलटा नही. आमनाकडे असाच घालतस."

प्रार्थनेनंतर अंगणात पंगत बसली. आई वाढायला वाकली की क्रॉस फिरायचा आणि पुढची गुळगुळीत बाजू उन्हात चमकायची. ती दुसऱ्या हाताने तो परत आत वळवायची, न बघता, पूर्वी वळवायची तशीच. माझ्या ताटात मांडा टाकताना तिने विचारलं, "अजून एक?" आणि उत्तराची वाट न बघता दोन टाकले.

मी काही बोलले नाही. या वेळी गप्प बसायला हरकत नव्हती.