आवाज बदलेपर्यंत

अक्का गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली. भेटायला येणारे विचारतात, "तुम्हाला कधी कळलं?" ती गेली तेव्हा मी घरातच होतो. तिच्या खोलीच्या बंद दारापासून दहा पावलांवर, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मी कढईचा आवाज ऐकत होतो. तिनंच तसं सांगितलं होतं. जन्मभर मी तिचं ऐकलं नाही, आणि ज्या एका दिवशी ऐकलं त्या दिवशी ऐकायला नको होतं. याला आता पाच आठवडे झाले.

सुमनअक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते असं अप्पा सांगायचे. घोडा गेला, तलवार गेली. उरली ती अर्धी कन्नड झालेली मराठी आणि रविवारचं मटण. अक्काचं लग्न झालं आणि तीन वर्षांत नवरा वारला. ती माहेरी परत आली, पण कोपऱ्यात बसून राहिली नाही. इथंच म्हैसूरच्या हेब्बाळ भागात एका कारखान्यात तपासणी विभागात लागली आणि सकाळच्या कंपनीच्या बसनं जाऊन संध्याकाळच्या बसनं परत यायला लागली, ती शेवटच्या दिवसापर्यंत. मी नंजनगूडच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला. माझं लग्न झालं नाही. "मुलगी चहा घेऊन येईपर्यंत हा तारीख विचारून मोकळा, कोण देणार याला मुलगी?" असं अक्का पाहुण्यांना सांगायची. आई-अप्पा गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो.

माझा उतावळेपणा आमच्या घरात म्हणीसारखा वापरला जायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, माझं बाशिंग नवरा न होताच गुडघ्याला होतं. दूध उतू जायच्या आधीच गॅस बंद करणं, भात फुलायच्या आधी शितं चाचपणं, कुकरची शिट्टी पडायच्या आत ती काट्यानं उचलणं... अक्का नुसती म्हणायची, "स्वल्प ताळो, बाळ्या. जरा दम धर. कुठं पळून चाललंय काय ते?"

आता त्या कढईचं सांगतो. अक्काच्या कारखान्यात एकदा मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. त्याला कँटीनचा सांबारभात तिसऱ्या दिवशीच सोसेना. बिचारा गेस्टहाउसमध्ये स्वतःच रांधायचा, एका भांड्यात, वीस मिनिटांत. अक्का कसले तरी कागद सह्यांसाठी घेऊन गेली आणि तिथंच उभी राहून तिनं ते सगळं बघून घेतलं. पुढच्या बुधवारी चर्चजवळच्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानातून कोंबडीच्या सॉसेजची पुडी आणि पास्त्याची पिशवी घेऊन ती घरी आली. तेव्हा अप्पा होते. पुडी नाकाजवळ धरून म्हणाले, "हे बोटासारखं काय गं?" मग पास्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ह्या नळ्या? दुधात घाल, साखर घाल, शेवयांची खीर कर." खाऊन झाल्यावर मात्र त्यांनी कढई बोटानं निपटली आणि वर, "खीर बरी झाली असती," असंही म्हणाले. तेव्हापासून बुधवार ठरून गेला. सोमवार, गुरुवार, शनिवार वार पाळायचे, रविवारी मटण, बुधवारी नळ्या.

बसमधून उतरून पर्स खुंटीला अडकवायची, पाय धुवायचे की अक्का कढईपाशी. कढई जाड बुडाची, पसरट, आईच्या वेळची. सॉसेजचे तिरपे काप थोड्या तेलात तांबूस करून कडेला सारायचे, त्याच तेलात कांदा, ठेचलेला लसूण, दोन पिकलेले टोमॅटो, सुक्या मिरचीचा चुरा. मग कोरड्या नळ्या तशाच, कच्च्या, कढईत. वर स्टीलच्या लोट्यानं मोजून तीन लोटे पाणी, मीठ आणि झाकण. दुसरं भांडं नाही, चाळणी नाही, पाणी ओतून टाकणं नाही. त्या झाकणाची मूठ कधीच तुटली होती. अक्कानं शिवणाच्या दोऱ्याचं लाकडी रीळ स्क्रूनं त्यावर बसवलं होतं. झाकण स्टीलचं, आतलं काही दिसत नाही. मी रिळाला हात लावला की अक्का माझ्या मनगटावर उलथनं ठेवायची. "वाफ गेली की नळ्या मधे कच्च्या राहतात. बघायचं नाही रे, ऐकायचं. आधी पाणी गुडगुडतं, मग पाणी सरतं आणि तेल तडतडायला लागतं. आवाज बदलला की उतरायचं, अष्टे, बास." तेवढ्या वेळात ती खोलीत जाऊन दार लावून पाठ टेकायची. आवाज बदलला की कुणी हाक न मारता बाहेर यायची. तिला तो दारातून ऐकू यायचा. मी मात्र ती आत गेली रे गेली की दोन-तीनदा झाकण उचलायचो, आणि पहिल्याच घासाला ती माझ्याकडे बघायची. तिला दातांनी कळायचं.

त्या बुधवारी ती बसमधून उतरली ती पाठ दाबत. म्हणाली, बसच्या मागच्या सीटवर जागा मिळाली, खड्ड्यांनी पाठ भरून आलीय. मी म्हटलं, राहू दे, हॉटेलातून काही आणतो. "कशाला? वीस मिनिटांचं काम," ती म्हणाली. तिनं सगळं केलं, नेहमीसारखं. पाणी ओतताना तिसरा लोटा तिनं दोन्ही हातांनी धरला, हे मला आता आठवतं... तेव्हा दिसलं होतं, पण आठवतं आता. झाकण ठेवून म्हणाली, "आवाज बदलला की गॅस बंद कर. मला उठवायला येऊ नको, मीच येते. आणि आज तरी झाकण उघडू नकोस, बाळ्या." मी म्हटलं, आज पैज. ती हसली आणि दार लावून घेतलं.

मी स्टुलावर बसलो, हात मांडीखाली दाबून. खरंच सांगतो, पन्नाशी उलटलेला माणूस हात मांडीखाली दाबून बसला होता. पाणी गुडगुडत होतं. मध्येच तिच्या खोलीत खाट करकरली, एकदाच. वाटलं, कूस बदलली असेल. मग आवाज बदलला. मी गॅस बंद केला, दोन ताटल्या मांडल्या, पाण्याचे पेले भरले आणि वाट बघत राहिलो. ती आली नाही. वाटलं, डोळा लागला, थकलीय, झोपू दे. जन्मात पहिल्यांदा मी झाकणाला हात लावला नव्हता आणि ते मला तिला दाखवायचं होतं... दार उघडून तिला उठवलं असतं तर पैज मोडली असती. मी पाऊण तास तसाच बसलो. स्वतःवर खूश होऊन बसलो, हे लिहायला हात धजत नाही, पण तसंच आहे. मग कढईला हात लावून पाहिला तर ती गार झाली होती, आणि मी जाऊन दार वाजवलं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, तुम्ही आत असता तरी काही करता आलं नसतं. डॉक्टर भला माणूस आहे. भली माणसं असंच म्हणतात. ती खाट करकरली तेव्हा मी उठलो असतो तर... हे वाक्य मी रोज इथपर्यंत आणतो आणि सोडून देतो. त्याच्या पुढं जायची माझी हिंमत नाही.

आमच्या घराण्यात अकराव्या दिवशी संध्याकाळी एडे ठेवतात. गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं पानावर वाढून, दिवा लावून त्याच्या खोलीत ठेवायचं आणि दार लावून सगळ्यांनी बाहेर बसायचं. आतलं माणूस जेवून जातं म्हणतात. मग सगळ्यांत जवळच्यानं दारावर तीनदा वाजवायचं, आतल्याला कळावं म्हणून, आणि मगच उघडायचं. दत्ताकाका आमच्यात आता सर्वांत वडील. मटणाचं सारू, भात, वडे सगळं तयार झालं होतं. काकांनी विचारलं, "सुमीला आणि काय आवडायचं रे?" शेजारच्या कमलम्मा इतकी वर्षं बुधवारचा वास भिंतीपलीकडून घेत आलेल्या. त्या म्हणाल्या, "आ नळी, सॉसेजु... अक्कंगे अदे इष्ट." अक्काला तेच आवडायचं. काका जरा घुटमळले. "पितरांच्या पानावर हे चालंल काय?" मग स्वतःच म्हणाले, "पितरांचं सोड, सुमीला चालंल. कर जा."

मी केलं. तीच कढई, तेच झाकण, तीन लोटे पाणी. पण या खेपेला मला नुसतं ऐकत बसणं जमेना. मी झाकण उचललं, पुन्हा उचललं, किती वेळा ते मोजलं नाही. कढई तशीच नेऊन पानाशेजारी ठेवली. दिवा लावला, सगळे बाहेर आले, काकांनी दार ओढून घेतलं. ओसरीवर बायका हलक्या आवाजात बोलत होत्या. मी दाराकडे बघत होतो. तेच दार, तसंच बंद, आणि मी तसाच बाहेर. काका म्हणाले, "मी सांगेन तेव्हा वाजव." त्यांचं वाक्य संपायच्या आत मी उठलो आणि न वाजवता, धाडकन दार उघडलं. काका ओरडले, "अरे, इतक्यात? जेवत असेल ती!"

आत दिवा जळत होता. खाट, उशी, खुंटीवरची पर्स... पान जसंच्या तसं होतं. मी दारात उभा राहून म्हणालो, "अक्का, या वेळी लवकर आलो." मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांनी ऐकलं. काकांनी मला धरून बाहेर आणलं, बसवलं आणि सगळ्यांच्या ताटांत प्रसाद वाढला. पहिला घास घेऊन कमलम्मा थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "स्वल्प गट्टी." जरा कडक. नळ्या मधे कच्च्या राहिल्या होत्या. तेव्हा मी रडलो. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

बुधवार मी सोडलेला नाही. पुडी आणतो, काप तांबूस करतो, तीन लोटे पाणी ओततो, एकट्यापुरतं कमी करायला हात होत नाही. रिळाला हात लावत नाही. तिच्या खोलीचं दार मी आता कधी लावत नाही, खाली पाट सरकवून ठेवलाय. पाणी गुडगुडायला लागलं की अधूनमधून आतली खाट करकरते. जुनी खाट आहे, लाकूड आवाज करणारच. तरी दर वेळी मी स्टुलावरून उठतो, जाऊन बघतो आणि परत येतो. आवाज बदलला की गॅस बंद करतो, दोन ताटल्या मांडतो. मग त्या उघड्या दारापाशी जातो आणि त्यावर तीनदा वाजवतो.