मावशींची वाळवंटातली गाडी

माझ्या बायकोच्या मावशींइतकी निर्धास्त गाडी चालवणारी व्यक्ती उभ्या सौदी अरेबियात दुसरी नसेल. रियाधच्या अल मलाझ भागात राहून त्यांनी निम्मं आयुष्य भारतीय शाळेत गणित शिकवलं. बायकांना इथे गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. लायसन्स हातात पडताच त्यांनी थेट फोर बाय फोर घेतली आणि सुट्टीचा शुक्रवार वाळवंटाच्या नावावर करून टाकला. चढावर त्या गाडीला वर्गातल्या ढ मुलासारखं चुचकारायच्या, "येतंय तुला, येतंय, घाई करू नकोस." खडकावर दणका बसला की "सॉरी हं" हेही गाडीलाच, मागे माझं डोकं टपावर आपटलेलं असायचं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं दूरचे कडे बघून परतत होतो. कोरड्या नदीच्या पात्रात गाडी अचानक बसली. चाकं अर्धी वाळूत. मोबाइलला रेंज नाही, नजर जाईल तिथवर माणूस नाही. बायको रडवेली झाली. मी म्हटलं, "मावशी, मी चालत रस्त्यापर्यंत जातो."

"गाडी सोडून कुणी कुठे जायचं नाही. आधी पाणी प्या दोघं."

वाळूत पकड मिळावी म्हणून त्यांनी टायरमधली हवा कमी केली. मग डिकीतून चक्क परात काढली. सहलीला ताज्या भाकऱ्या थापायची त्यांना हौस. त्या परातीने मी चाकांपुढची वाळू उपसली. पहिल्या प्रयत्नात गाडी आणखीच रुतली. पुन्हा उपसली, चाकांखाली गाडीतली पायपुसणी सरकवली, आम्ही दोघांनी जीव खाऊन ढकललं आणि गाडी उसळून सुटली. मावशी थांबेचनात! थांबलं तर परत रुतेल, म्हणून पार कडक जमिनीपर्यंत गेल्या. आम्ही ओरडत, हसत मागे धावलो.

पोचलो तेव्हा त्या बोनेटला टेकून उभ्या होत्या. त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"आता तुम्ही चालवा, जावईबापू. तुम्ही दोघं इतके घाबरलात, की मला घाबरायला सवडच मिळाली नाही."

पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरून घेतली. कागदी कपातला चहा मला अमृत वाटत होता. सुटल्याच्या आनंदात मी म्हटलं, "पुढच्या वेळी दुसरी गाडीही सोबत घेऊ."

मावशी कपात बघत म्हणाल्या, "पुढची वेळ नाही हो. महिन्याभरात फायनल एक्झिट, व्हिसा संपवून कायमची परत. सांगलीला हे एकटे पडलेत."

मग त्यांनी उगाचच काचेवरची धूळ ओढणीने पुसली. बराच वेळ पुसत होत्या.