सुनेचा पेपर आणि शिळी सुरमई

आमच्या घरात सुनेची लेखी परीक्षा झालेली आहे.

परीक्षक मीच. मराठीची शिक्षिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते. वय अवघं अठ्ठावन्न, म्हणजे अक्कल यायची होती! सून मौमिता कोलकात्याची. सहा महिन्यांत फडाफडा मराठी बोलू लागली, पण लिंगांचा नुसता चुराडा! ‘माझा सासू फार चांगला आहे’ म्हणायची. (आशय अचूक होता, म्हणून सोडून दिलं.) तिला हौस एकच, मासळीबाजारात एकटीने जायची. मी बजावलं, "आधी व्याकरणात पास हो. बाईंची सून चुकीचं बोलते म्हणून सगळ्या नागाव गावात हसतील!"

रविवारी पेपर घेतला. प्रश्नपत्रिका लाखेने सीलबंद (परीक्षार्थी एक!), पुरवणीला दोरा. नेमके त्याच दुपारी आमच्या होमस्टेला आठ पाहुणे सुरमई खायला येणार होते.

पेपर चालू असताना हिराबाई कोळीण टोपली घेऊन दारात. मौमिता उठायला लागली.

"बस खाली! वेळ संपलेली नाही!"

तिने कॉपी करू नये म्हणून (कोणाची, देव जाणे!) मी नजर न हटवता हिराबाईला म्हटलं, "दे गं एक मोठीशी." कल्ले उघडून बघणं राहूनच गेलं.

पेपर तपासला. पंचविसात चार!

"नापास!" मी विजयाने म्हटलं. पण मौमिताचं नाक माशाच्या पिशवीत होतं.

"आई, हा सुरमई मेला आहे!"

"मेलेलीच असते. आणि ‘हा’ नाही, ‘ही’!"

"नाही आई! खूप दिवस आधी मेला!"

ती मासा घेऊन गल्लीत धावली. मागे मी, हातात लाल पेन!

"हिरामावशी! तुझा सुरमईची डोळा पांढरा! कल्ला काळी! घरी आठ पाहुणा आहे!"

"तुझ्या सुरमईचा! काळा! पाहुणे!" मागून मी.

हिराबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "बाई, तुमी गप ऱ्हावा! पोरीचं सगलं कलतं मना. तुमी मधी मधी काय बोलता, तेच कलत नाय!"

आणि टोपलीच्या तळातून लालचुटुक कल्ल्यांची ताजी सुरमई काढून मौमिताच्या हातात दिली.

पाहुणे बोटं चाटत गेले. संध्याकाळी मौमिताने माझ्यापुढे दोन बांगडे ठेवले. "आई, ताजा कोणता?"

मी चष्मा पुसला, बराच विचार केला आणि एकावर बोट ठेवलं.

"आई, तू नापास झाला!"

त्या वाक्यात चूक होती. मी दुरुस्त केली नाही. पुनर्मूल्यांकनाला अर्ज करावा, अशी माझी स्थिती नव्हती. आता माझी नातही माशांच्या परीक्षेत पास झाली आहे. बाजारात त्या मायलेकी मासे निवडतात आणि बाई पिशवी धरतात!