चारशे बारा उल्लेख

आकडा चारशेवर गेल्यापासून आमच्या संस्थेत त्यांना सगळे 'चारशेवाल्या' म्हणायचे, अर्थात माघारी. तोंडावर मॅडम. कॅन्सरवर त्यांनी आयुष्यभरात एकोणतीस शोधनिबंध लिहिले. त्यातल्या अठ्ठावीसांना कुणी फारसं विचारलं नाही. एकाचा मात्र जगभरच्या चारशेहून जास्त निबंधांत आधार म्हणून उल्लेख झाला. एवढा मोठा आकडा संस्थेत दुसऱ्या कुणाचा नव्हता. तरी बाई काचेची भांडी स्वतः घासायच्या, डबा उभ्याउभ्याच खायच्या आणि खिसा जळालेला तोच एक ॲप्रन वर्षानुवर्षं घालायच्या.

मी ग्रंथालयात. वार्षिक अहवालासाठी हे उल्लेख मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. संगणक आकडा देतो, पण माणसं आपल्याच जुन्या निबंधाचा नव्या निबंधात उल्लेख करून स्वतःची पाठ थोपटून घेतात. तसले उल्लेख वेगळे काढायला प्रत्येक निबंध उघडून ते वाक्य बघावं लागतं. इतरांना एवढा वेळ नसतो. मी बघते, कारण फुकटचा मान कुणाला मिळालेला मला खपत नाही. मॅडमचे स्वतःचे तेवीस होते. ते सांगितले की त्या शाळेतल्या मुलीसारख्या ओशाळायच्या आणि हळूच विचारायच्या, "बाकीचे किती?"

दरवर्षी वीसेक नवे उल्लेख यायचे. यंदा एकसष्ट आले, एकूण चारशे बारा झाले. म्हटलं, आता बाई विभागप्रमुख होणार. शुक्रवारी जेवण उरकून मी एकेक उघडायला बसले.

चौथ्यात लिहिलं होतं, या निष्कर्षाला आम्हाला दुजोरा मिळाला नाही. नवव्यात तेच. चौदाव्याने कारणही दिलं होतं: स्तनाच्या गाठीतल्या म्हणून ज्या पेशींवर हा प्रयोग झाला त्या बहुधा आतड्याच्या होत्या, बाटल्यांत कधीतरी मिसळ झाली असावी. चार वाजेपर्यंत असे अडतीस निघाले. संगणकाला काय, शाबासकी आणि शिवी दोन्ही एकच.

मी ते सगळे छापायला लावले. कारण माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता, आणि सोमवारी तिला चाचणीतलं नवं औषध सुरू होणार होतं. जुनं बंद करून. ते औषध मॅडमच्या त्याच निबंधावर उभं होतं. ताई का-कू करत होती, तेव्हा मीच फुशारकीने म्हणाले होते, "अगं, आमच्या मॅडमचा शोध आहे. चारशे जणांनी मान्य केलाय. डोळे झाकून घे."

मी कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी उभ्यानेच वाचले. मग टेबलाचा खण उघडून एक पाकीट पुढे केलं.

"मला सहा महिन्यांपासून शंका होती," त्या म्हणाल्या. "पेशी तपासायला पाठवल्या होत्या. उत्तर परवा आलं. त्या आतड्याच्याच आहेत."

"परवा? मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"भीती वाटली. माझ्याजवळ हा एकच आहे गं."

मी ताईचं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे चाचणीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्यासाठी आवाज मोठा केला. डॉक्टर आदराने बोलत होते, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"मॅडम, तुम्ही फार विनयशील आहात. चारशे बारा लोक कसे चुकतील?"

"त्यातले तेवीस माझेच आहेत," मॅडम म्हणाल्या. "आणि अडतीस जण मी चुकले असंच सांगताहेत."

"लेखी पाठवा. समिती पुढच्या महिन्यात बसेल."

त्यांनी फोन ठेवला. मग खुर्चीत बसून त्यांनी पत्र लिहिलं, निबंध मागे घेते म्हणून. एका दमात लिहिलं. मला वाटलं होतं रडतील, पण नाही रडल्या.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी ताईकडे गेलो. ताई वाळलेले कपडे घडी करत होती. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "माझं चुकलं. सोमवारी जाऊ नका. जुनं औषध सोडू नका."

ताईने हातातला टॉवेल तसाच धरून ठेवला. "तुमची बहीण असती तर?"

"दारातच अडवली असती."

ताईने टॉवेल घडी करून बाजूला ठेवला. माझ्यावर भडकली असती तर बरं झालं असतं. मग ती मला म्हणाली, "चाचणीत माझा नंबर सतरावा होता. गेल्या सोमवारी तपासणीला गेले तेव्हा सोळा नंबरची बाई बाकावर शेजारी बसलेली. तिला त्याच दिवशी सुरू होणार होतं. कागदावर सही करायला घाबरत होती बिचारी."

"मग?"

"मग काय. मीच तिला सांगितलं, चारशे जणांनी मान्य केलाय, डोळे झाकून घ्या. तिने माझ्यासमोर सही केली."

चाचणीतल्यांची नावं डॉक्टर बाहेर सांगत नाहीत, म्हणून मॅडमनी तिलाच विचारलं, त्या बाईंचं नाव काय, राहतात कुठे. ताईने मान हलवली. तिने विचारलंच नव्हतं.