बावन्न नग, एक तार

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की हातातला उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवावा लागतो. पोलीस खात्यात छत्तीस वर्षं काढली. भरती झालो तेव्हा माझं शिक्षण सातवी. शिपायाचा सहायक फौजदार झालो आणि घरी बसलो. चोर धरल्याच्या हकिगती माझ्याकडं पुष्कळ आहेत. ही तशातली नाही.

निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला जात होत्या आणि वरून रोज विचारणा व्हायची. अशात आमच्या बातमीदारानं खबर आणली. "शिवाजी पेठेत एक वाइंडर हाय, मोटरीची तार गुंडाळणारा. कागलच्या एमआयडीसीतनं काम सुटलंय त्याचं. परड्यात बसून बॅटरी जोडतोय. डबाभर सेल हायत."

टॉवरची बॅटरी शिशाची असते, उचलायला दोन माणसं लागतात. ह्याच्याकडचे सेल लिथियमचे, बोटाएवढे. कुठल्याही इलेक्ट्रिशियनला विचारलं असतं तर तो माझ्या तोंडावर हसला असता. मी कुणालाच विचारलं नाही. दोन पंच आणि दोन शिपाई घेऊन सकाळी दहाला गेलो.

घरामागच्या परड्यात शहाबादी फरशी होती. वाइंडर त्यावर बसला होता. चाळिशीचा, हडकुळा. घड्याळ आणि अंगठी काढून खिळ्याला अडकवलेली. शेजारी वाळूची बादली. समोर पाटीएवढा प्लॅस्टिकचा डबा. बायको दारात पोटाला हात लावून उभी.

"काय हे?"

"बॅटरी, साहेब. रसाच्या गाड्याला मोटर बसवलीय, तिची. हिचं पोटाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, चरकाचं चाक फिरवायचं न्हाय. मग गाडा चालायचा कसा?"

"सेल कुठनं चोरलेस?"

"चोरलं न्हाय ओ. बिल हाय की."

"बिल नंतर. आधी डबा उघड."

"बावन्न सेल हायत साहेब, लिहून देतो. पण उघडू नगा. आत पट्ट्या उघड्या पडतील."

पंचनाम्यात नग मोजून लिहावे लागतात. मी आयुष्यभर मोजूनच लिहिले होते. शिपायाला म्हटलं, फोड. त्यानं स्क्रू ड्रायव्हर घालून झाकण उचकटलं, वरचा जाड कागद फाडला. मोजले. बावन्नच निघाले. मग झाकण काही बसेना. सील करायचं तर बांधायला पाहिजे. गाडीत बाइंडिंगची तार होती, ती मी स्वतः घेतली आणि उघड्या डब्यावरनं वेढे टाकले.

वाइंडर उठून उभा राहिला. "साहेब, तार नगो. सुतळी बांधा. तार दोन पट्ट्यांस्नी लागली की जाळ हुतोय. ए, सुतळी आण गं."

मी त्याच्या कानाखाली मारली. बायकोसमोर. "मला पंचनामा शिकवतोस काय रं?"

ती सुतळीचा गुंडा घेऊन बाहेर आली होती. तो तसाच पुढं धरून उभी राहिली. मी घेतला नाही. तारेची गाठ पिळली, वर कापड गुंडाळलं, लाख ओतून सील मारलं, पंचांच्या सह्या घेतल्या.

ठाण्यात आणून विचारपूस केली. म्हटलं, कसं बनवलंस ते सांग. मला वाटलं होतं अडखळेल. सराईत चोर माल कुठनं आला ते गुळगुळीत सांगतो आणि कामाचं विचारलं की अडतो. ह्याचं उलटं झालं. बिलाच्या प्रश्नाला अडखळत होता, पण कामाचं विचारल्यावर आवाज ठाम झाला.

"सेल एकेक मीटरनं मोजला आणि आकडा त्याच्यावरच लिवला. पंधरा दिवस नुसतं ठेवलं. ज्याचा आकडा उतरला त्यो बाद. सारखे हायत तेच शेजारी जोडायचे, न्हायतर एक दुसऱ्याला ओढतोय. सोल्डरिंग न्हाय केलं, ती उष्णता सेलला सोसत न्हाय. स्पॉट वेल्डिंगनं निकेलची पट्टी लावली. प्रत्येकाच्या टोकाला कागदाची चकती. मग बीएमएस, म्हंजे एखादा सेल जास्त भरला की तोडणारं सर्किट. मग फ्यूज. चार्जर त्याच मापाचा. आणि चार्जिंग उघड्यावर, जवळ माणूस बसलेला पायजे."

मी जबाब लिहीत गेलो. एवढं सगळं ऐकूनही तारेचं माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. पण सील फोडायचं म्हणजे पुन्हा पंच, पुन्हा पंचनामा, आणि मारलेल्या माणसासमोर चूक कबूल करणं.

संध्याकाळी सेल विकणाऱ्या दुकानदारानं बिल खरं असल्याचं सांगितलं. गुन्हा उलगडला तो एवढाच, की गुन्हा नव्हताच. वाइंडरला म्हटलं, उद्या ये, माल सोडवायचा अर्ज दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाकावर अर्ज घेऊन बसला असताना मुद्देमालाच्या खोलीतनं फाट असा आवाज आला. मग फाट फाट सुरूच. कुणीतरी जुगाराच्या केसमधली लोखंडी पेटी त्या गाठोड्यावर ठेवली होती. पांढरा धूर बाहेर आला. मी रजिस्टरं वाचवायला आत घुसायला लागलो, तर वाइंडरनं माझा पट्टा धरून मागं खेचलं.

"मरशीला की! धूर इषारी हाय. समद्यांस्नी भाईर काढा!"

अग्निशामकची गाडी आली, भरपूर पाणी मारलं, माणूस कुणी गेला नाही. स्टेशन डायरीला नोंद मी केली. 'सदर घरगुती बॅटरी सदोष बनावटीची असल्याने तिने आपोआप पेट घेतला.' अक्षर माझं, सही माझी.

तपासणीला तंत्रनिकेतनातले एक शिक्षक आले. त्यांनी जळक्या गोळ्यातनं चिमट्यानं तार उचलली. "फ्यूज शाबूत आहे. ही तार थेट पट्ट्यांवर दाबली गेलीय, तिथं फ्यूज काय करणार? कुणी बांधली ही?"

"माहीत नाही साहेब," मी म्हणालो. दोन्ही शिपायांनी माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. प्रकरण तिथंच फाइलबंद झालं.

पण डायरीतली ओळ पेठेत पोचली. 'घरात बॉम्ब ठेवतोय' म्हणून घरमालकानं वाइंडरला खोली सोडायला लावली. महिन्याभरानं जीपमधनं जाताना त्याची बायको गाड्याचं चाक हातानं फिरवताना दिसली. एक हात चाकाला, एक पोटाला. मी ड्रायव्हरला म्हटलं, चल पुढं.

त्या रात्री घरी बायकोला सगळं सांगितलं. तिच्यापाशी मला खोटं बोलता यायचं नाही.

"मग लिवा की तसं," ती म्हणाली.

"दहा महिने राहिल्यात. खात्याची चौकशी लागंल."

"मग जाऊन त्यास्नी तरी सांगा. अवो, तेवढ्याला काय लागतंय?"

"बघू," मी म्हणालो. पुढची पाच-सहा वर्षं ती मधूनच विचारायची आणि मी बघू म्हणायचो. गेल्या दिवाळीआधी ती गेली. आता घरात मला विचारणारं कुणी नाही.

या उन्हाळ्यात वाइंडरला शोधत गेलो. पेठेबाहेर वळणावर गाडा होता. मोटर चालू होती, घुंगरं वाजत होती. खाली नवा डबा, सुतळीनं बांधलेला. वाइंडरनं मला लगेच ओळखलं.

मी उभ्या उभ्या सांगितलं. "तार मी बांधली होती. लिहिलं ते खोटं होतं."

"ठावं हाय," तो म्हणाला. "तुमच्या बाई सांगून गेल्या. त्याच साली."

त्याची बायको ऊस पुसत म्हणाली, "दर उन्हाळ्यात यायच्या. म्हणायच्या, माझा मालक येणार हाय, जरा पाय जड हायत त्याचे. यंदा दिसल्या न्हाईत त्या?"

मला सांगावं लागलं. तिनं मोटर बंद केली.

मग वाइंडर म्हणाला, "आलासा ते बरं केलासा. पण लिवलेलं तसंच हाय की, साहेब."

त्याचं बरोबर आहे. मी आयुष्यभर नग बिनचूक मोजले आणि खरं मात्र आपल्या सोयीनं लिहिलं. ठाण्यात अर्ज दिला. तिथले नवे साहेब म्हणाले, काका, जुनं कशाला उकरता? डायरीतली ती ओळ आता माझ्या हातात नाही. म्हणून ती इथं दुरुस्त करतो. ती बॅटरी सदोष नव्हती. ती आपोआप पेटली नाही. सुतळी समोर धरलेली असताना तार मी बांधली.