फाटकाखालचं पोतं

नोंदवलेल्या गुन्ह्यांना नंबर असतात, आणि ते सगळे नंबर मी निवृत्तीनंतर वर्षभरात विसरलो. जे प्रकरण कधी नोंदवलंच गेलं नाही, ते मात्र गेल्या आठवड्यात पुन्हा आठवलं. त्या वेळी मी हातात तक्रारअर्ज घेऊन बसलो होतो. अर्ज माझाच होता, शेजाऱ्याविरुद्ध. त्याचं नंतर सांगतो.

तेव्हा मी निपाणीजवळच्या एका ठाण्यात पीएसआय होतो. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, म्हणजे घरी मराठी आणि ठाण्यात कन्नड. फिर्यादी मराठीत सांगायचा, आमचे हेड कॉन्स्टेबल ते कन्नडमध्ये उतरवायचे आणि सही घेण्यापूर्वी पुन्हा मराठीत वाचून दाखवायचे. एवढ्या वेळात फिर्यादीचा निम्मा राग निघून जायचा. माझा मात्र जात नसे. मी त्या काळी भयंकर तापट होतो, आणि आवाज चढवला की तपास पुढे सरकतो अशी माझी पक्की समजूत होती.

खबर दिली ती एका वेल्डिंगवाल्याने. सकाळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला होता. म्हणाला, "साहेब, अण्णांनी उद्या फाटक कायमचं बसवायला बोलावलंय. आन् आप्पा म्हणतोय, मशीन घेऊन आलास तर मशीनसकट उचलून टाकीन. त्यांच्या भांडणात मी मरायचो."

दोघांची खरी नावं मी सांगणार नाही. अण्णा आणि आप्पा एवढं पुरे. अण्णा तंबाखूचे व्यापारी, जैन घरातले, बोलायला गोड पण मानी. आप्पा सरकारी बसचे ड्रायव्हर. दोन्ही प्लॉट एकाच मूळ मालकाकडून घेतलेले. अण्णांचं घर पुढे रस्त्यावर, आप्पांचं मागे. अण्णांच्या घराच्या कडेने आठ फुटांची वाट होती, आणि मागच्या घराला यायला-जायला तेवढी एकच धड वाट. दुसरी होती ती उसाच्या बांधावरून. वीस वर्षं दोन्ही घरं त्या आठ फुटांतून गेली-आली, कुणी ब्र काढला नव्हता.

मग अण्णांनी गाडी घेतली. एके दिवशी ते ती वाटेतून मागे घेत होते. एकदा भिंतीला लागली, दुसऱ्यांदा तुळशीच्या कट्ट्याला. आप्पा चारचौघांत हसत म्हणाले, "अण्णा, तुम्ही तंबाखूच विका. गाडी हाकणं तुमचं काम न्हवं." आठ दिवसांत वाटेच्या तोंडावर लोखंडी फाटक उभं राहिलं, साखळी लागली, कुलूप पडलं आणि किल्ली अण्णांच्या खिशात गेली. मागायला आले की देऊ, असं अण्णांचं म्हणणं. मेलो तरी मागणार नाही, असं आप्पांचं.

वेल्डिंगवाला गेला नाही तोच अण्णा स्वतः हजर झाले.

"साहेब, काल बाजार करून घरी आलतो, तर फाटक काढून ठेवलंय. माझ्या जागेत घुसून नुकसान केलंय. केस घाला आन् त्या ड्रायव्हरला आत घ्या."

वाटेचा हक्क हा दिवाणी मामला, तो कोर्टात जाणार. पण फाटक उपटलं तर तो आमच्याकडे येतो. आप्पांना मी बोलावून घेतलं. ते डेपोतून खाकी कपड्यांतच आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. केस होऊन अटक झाली असती तर निलंबन ठरलेलं, आणि सगळ्या नोकरीवर पाणी. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी टेबलावर हात आपटला. "फाटक कुणी काढलं?"

"मीच काढलं. लिवा."

मी खूश झालो. पाच मिनिटांत कबुली! माझ्या दरडावण्याचा हा परिणाम, असं वाटून मी पेनाकडे हात नेला. आमचे हेड कॉन्स्टेबल मात्र जुने, सावकाश माणूस. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले.

"किती वाजता काढलं?"

"दुपारी. दोन-अडीच वाजता."

"काल ड्युटी कुठली होती?"

हेड कॉन्स्टेबलनी थेट डेपोत फोन लावला. काल दुपारी दोन-अडीच वाजता आप्पा गाडी घेऊन खानापूरच्या स्टँडवर होते. परतले ते संध्याकाळीच.

लगेच मिळालेली कबुली बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी झाकायला दिलेली असते. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो आणि त्या दिवशी सपशेल विसरलो होतो. हेड कॉन्स्टेबल माझ्याकडे बघत नव्हते, हा त्यांचा चांगुलपणा.

आम्ही जागेवर महजर करायला गेलो. महजर म्हणजे पंचनामा. फाटक पाहिलं आणि मी चक्रावलो. कुलूप शाबूत, साखळी शाबूत. बिजागऱ्या खुंटीवर नुसत्या बसवलेल्या होत्या, सरळ वर उचललं की फाटक सुटत होतं. तसं ते उचलून, साखळीच्याच बाजूला फिरवून भिंतीला टेकवलेलं होतं. खाली घडी घातलेलं पोतं होतं. भिंतीला जिथे लोखंड लागत होतं, तिथेही एक जुनं धुतलेलं फडकं लावलेलं.

रागाने फाटक काढणारा माणूस त्याच्या रंगाची काळजी करील का?

वाटेच्या मातीत दोन बारीक चाकांचे माग होते. ते फाटकाच्या जागेवरून थेट मागच्या घरापर्यंत गेले होते. तिथे दारात चाकाच्या खुर्चीवर आप्पांचे वडील बसले होते. लकव्याने उजवं अंग गेलेलं. मला बघून त्यांनी डावा हात उचलला आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द फुटले नाहीत. आप्पांच्या बायकोचा जबाब घेतला. "मला काय ठावं न्हाय," एवढंच सारखं म्हणत राहिली. खाली तिने पूर्ण नावाची सही केली.

उन्हाचे पुढच्या अंगणात येऊन बसलो. अण्णांच्या बायकोने, म्हणजे आक्कांनी, ताकाचा तांब्या आणि फुलपात्रं आणून ठेवली. मी तांब्या उचलला आणि हात तिथेच थांबला. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यावर नाव घालतात. त्या तांब्यावर कोरलेलं नाव मी दहा मिनिटांपूर्वी मागच्या घरात जबाबाखाली वाचलं होतं.

दोन घरांचं बोलणं बंद होऊन तीन महिने झाले होते. मग तांब्या कोणत्या वाटेने आला?

मी वर बघितलं. आक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडेच होतं.

मी तांब्या खाली ठेवला. अण्णा, आप्पा, दोघांनाही समोर बसवलं, आप्पांच्या बायकोलाही बोलावून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणालो, "अण्णा, फिर्याद नोंदवतो. पण आरोपी म्हणून तुमच्या घरातलं नाव घालावं लागेल. चालेल?"

अण्णांना काही कळेना. आक्का पुढे आल्या.

"तांब्या बघितलासा न्हवं साहेब? मग त्यांना काय विचारताय? मीच काढलं. आमी दोघींनी मिळून."

"तू?" अण्णा उठलेच.

"दर गुरवारी काकांना मालिशला न्यायचं असतंय. तुम्ही बाजारात, आप्पा ड्युटीवर. एकदा हिनं मागच्या बांधावरनं न्हेलं, तर खुर्ची उलथली आन् म्हातारा उसात पडला. मी गच्चीवरनं बघितलं. त्या दिवसापासनं फाटक काढतोय आन् तुम्ही यायच्या आत बसवतोय. आठ गुरवार झाले. काल तुम्ही लवकर आलासा."

"आठ गुरवार? आन् मला कळलं न्हाय?"

"रंग उडाला असता तर कळलं असतं. म्हणून तर पोतं घालतोय."

मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. आप्पांचा चेहरा पडला होता. वडील उसात पडल्याचं त्यांनाही आत्ताच कळत होतं. ते बायकोकडे वळले, "मला सांगितलं न्हाईस?"

ती म्हणाली, "सांगून काय झालं असतं? तुम्ही किल्ली मागणार होतासा?"

अण्णांनी खिशातून किल्ली काढली. मला वाटलं, आप्पांना देतील. ते वाटेने मागे चालत गेले, आम्ही त्यांच्या मागोमाग. त्यांनी किल्ली म्हाताऱ्याच्या डाव्या हातात ठेवली आणि तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून उभे राहिले. "काका, चुकलं माझं," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे लिहायला आज लाज वाटत नाही.

आप्पा म्हणाले, "अण्णा, चारचौघांत बोलायला नको होतं मी."

"खरं तेच बोललासा. मला अजून बी गाडी मागं घ्यायला जमत न्हाय."

ठाण्यात येऊन दोघांनी कागदावर लिहून दिलं: वाट दोघांची, फाटक राहील, कुलूप लागणार नाही. हेड कॉन्स्टेबलनी ते कन्नडमध्ये उतरवलं आणि मराठीत वाचून दाखवलं. त्या दिवसापासून अण्णांची गाडी वाटेतून बाहेर काढून द्यायचं काम आप्पांकडे गेलं. वेल्डिंगवाला दुसऱ्या दिवशी आला आणि चहा पिऊन परत गेला.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी निपाणीला गेलो होतो तेव्हा मुद्दाम त्या गल्लीत डोकावलो. म्हातारा गेला होता. तिरडी फाटकात अडू नये म्हणून त्या सकाळी अण्णांनी स्वतः फाटक उचलून भिंतीला लावलं आणि नंतर ते कुणी बसवलंच नाही. त्यावर घेवड्याचा वेल चढला होता. खालचं पोतं पार कुजलं होतं, पण कुणी काढलं नव्हतं. अण्णा, आप्पा, हेड कॉन्स्टेबल, ती सगळी माणसं मला हल्ली फार आठवतात.

आता माझ्या अर्जाबद्दल. बेळगावात आमच्या आणि शेजारच्या घरात मिळून गाड्या आत घ्यायची एकच वाट आहे. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले. ते त्यांची गाडी वाटेत आडवी लावतात. मी एकदा त्यांना म्हणालो, "मी पोलिसात होतो, लक्षात ठेवा." ते म्हणाले, "होता." त्यानंतर आम्ही महिनाभर बोललो नाही आणि मी अर्ज लिहायला घेतला. वरची हकीकत आठवली ती तेव्हा. तरीही मी अर्ज पुरा केला, कारण मला वाटलं, माझं प्रकरण वेगळं आहे.

सही करणार एवढ्यात बायकोने शेवग्याच्या आमटीची वाटी समोर ठेवली. आमटी आमच्या घरची नव्हती, तिखट कमी होतं. वाटी संपवून, जुन्या सवयीने, मी ती उलटी करून पाहिली. तळाशी शेजारच्या वहिनींचं नाव होतं.

"हे कधीपासून चाललंय?" मी विचारलं.

"तुमचं बोलणं बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," बायको शांतपणे म्हणाली. "वहिनींचे गुडघे गेलेत. दारापर्यंत गाडी न्यावी लागते, म्हणून मध्ये लावतात. तुम्ही विचारलंत कधी?"

तीस वर्षं तपास केला, आणि घरात रोज येणारा पुरावा मी आमटी समजून खात होतो.

वाटी धुतली. रिकामी कशी परत करायची, म्हणून गावाकडच्या जाड्या पोह्यांनी भरली. वाटेतून त्यांच्या गाडीच्या कडेने अंग चोरत गेलो आणि बेल वाजवली. दार त्यांनी स्वतःच उघडलं. मला पाहून ते दचकले आणि घाईने म्हणाले, "साहेब, गाडी काढतो, आत्ताच काढतो."

त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, माझ्या बायकोच्या नावाचा स्टीलचा डबा उपडा घालून वाळत ठेवलेला दिसत होता.

"राहू दे गाडी," मी म्हणालो, "वहिनींचे गुडघे कसे आहेत?"