पंचाण्णवचा भाव

सत्यवती पहिला भाव कधी खरा सांगत नाही, आणि त्याची तिला काडीचीही लाज वाटत नाही. सकाळी बुरोंडीहून मासळीची टोपली घेऊन ती दापोलीच्या बाजारात येते, बांगड्यांचे वाटे मांडते आणि शंभराचा वाटा बिनदिक्कत दीडशेला सांगते. गिऱ्हाईक पाडणारच, मग पाडायला जागा नको? शेजारी सुकी मासळी विकणारी सुरय्या या बाबतीत अगदीच भोळी, असं तिचं ठाम मत. दुसरा नेम असा की उरलेली मासळी घरी न्यायची नाही. ऊन चढलं की मिळेल त्या भावात देऊन मोकळं व्हायचं. नवरा दादू खलाशी, बोटीवर गेला की आठवडाभर तोंड दिसत नाही. पण या दोन नेमांवर सत्यवतीनं घर व्यवस्थित चालवलं होतं.

घोडं अडलं ते गावच्या शाळेत. तिची रुचिरा यंदा दहावीला. दिवाळीनंतर वर्गशिक्षिका वेदिकाबाईंनी पालकांना बोलावलं. सत्यवती बाकाच्या कडेला अर्धी टेकली. होड्या यायची वेळ झालेली, तिचा जीव बंदरावर, आणि बाई आपल्या फळ्यावर खडू चालवतायत. लेखी ऐंशीची, वीस गुण शाळेच्या हातात. विषय सहा, पण टक्केवारी धरायची ती सगळ्यांत चांगल्या पाचांची. पस्तिसाला पास, साठाला पहिला वर्ग, पंचाहत्तरला विशेष प्रावीण्य. सत्यवती मान डोलवत होती आणि खिडकीतून भरती बघत होती.

"आता प्रत्येकानं सांगा," बाई म्हणाल्या, "सहामाहीत मुलाला इतके पडले, तर मार्चमध्ये किती व्हावेत? तो आकडा मुलांपुढे ठेवायचा आणि त्यासाठी झटायचं."

सुरय्यानं आपल्या फैझानसाठी सांगितलं, "सत्तर." सत्यवतीला तिची कीवच आली. सत्तर सांगितलेस होय गो बये, आता हातात पन्नास पडतील! मग तिची पाळी आली. रुचिराला सहामाहीत छप्पन्न टक्के होते.

"पंचाण्णव," सत्यवती म्हणाली.

वेदिकाबाईंचा खडू थांबला. "सत्यवतीताई, विचार करून सांगा हं."

"विचार करूनच सांगतंय, बाई," म्हणत ती उठलीसुद्धा. बोर्ड म्हणजे गिऱ्हाईकच की! पाडून पाडून पाडेल किती? पासष्टपर्यंत आलं तरी आपला फायदाच. असा सगळा हिशोब मनाशी मांडून ती बंदराकडे सुटली, आणि घरी रुचिराला काय ते समजावून सांगायचं तेवढं राहून गेलं.

बाईंनी मात्र आकडा मुलीपुढे ठेवला. आईची एवढी इच्छा आहे, आपणही जोर लावू, असं त्यांना वाटलं. त्यांचं काय चुकलं म्हणा!

त्यानंतर पोरीचा नूरच बदलला. मासळी साफ करताना आईशी अखंड बडबडणारी रुचिरा आता पुस्तक घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. पानावर आवडीचं तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण असलं तरी दोन घास खाऊन उठायची. नखं कुरतडून बोटं लाल झालेली. काही विचारलं की "काय नाय." सत्यवतीला आत काहीतरी टोचत राहायचं. बाजारात बसली तरी तिचं लक्ष लागेना. एकदा तर गिऱ्हाईकानं भाव विचारला आणि ती खराच सांगून बसली. सुरय्या तोंडाला पदर लावून हसली. सत्यवतीला हसू येईना.

जानेवारीत सराव परीक्षा लागली. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी ऐन बाजारात वेदिकाबाईंचा फोन आला. रुचिरा कोरा पेपर देऊन वर्गातून निघून गेली होती.

"सुरय्या, टोपली बघ गो!" एवढंच ओरडून सत्यवती रिक्षात बसली. रस्ता सरता सरेना. चढावर रिक्षा धापा टाकायला लागली तेव्हा तिला वाटलं, उतरावं आणि धावत सुटावं. नाही नाही ते मनात येत होतं. पोर गेली कुठे? समुद्राकडे तर नाही ना? देवा म्हाराजा!

वेदिकाबाई फाटकातच उभ्या होत्या. "मासळीच्या खळ्यावर बसलीय, शिपाईमामांनी पाहिलंय, ते लांबून लक्ष ठेवून आहेत," त्या घाईनं म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवेना. "ताई, पंचाण्णव कुठून काढलेत तुम्ही?"

"पाडायला जागा ठेवली हो, बाई! सगळेच पाडतात ना!"

बाई म्हणाल्या, "कोण पाडणार? तपासणारा तुमचा आकडा विचारतच नाही. पोरीनं लिहिलं तेवढे गुण तो देतो. आकडा फक्त रुचिराच्या डोक्यावर होता. मीच तिच्यापुढे ठेवला, मलाही कळायला हवं होतं."

दोन महिने पोरगी एकटी ते ओझं वाहत होती, आणि आई बाजारात बसून निवांत वाट बघत होती, कधी कोण पाडतंय याची.

मासळी सुकवायच्या खळ्यावर रुचिरा गुडघ्यात डोकं घालून बसली होती. शिपाईमामा आईला बघून निघून गेले. सत्यवती लेकीशेजारी मटकन बसली.

"आये, माझ्यान होणार नाय पंचाण्णव," रुचिरा मान वर न करता म्हणाली. "तू मला पंचाण्णवला मांडलंस. मी पासष्टाची."

"अगो, तो भाव खरा नव्हता..."

"मग मला का नाय सांगितलंस?" आता मात्र रुचिराला रडू फुटलं. "आणि उरलेलं तू घरी आणत नायस."

सत्यवतीला वाटलं कोणीतरी थोबाडीत मारली. पोरीनं लहानपणापासून टोपलीशेजारी बसून हेच बघितलं होतं, आणि हेच स्वतःला लावून घेतलं होतं. तिनं रुचिराला ओढून जवळ घेतलं. हाताला मासळीचा वास होता, त्याची आज दोघींना पर्वा नव्हती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "टोपलीतली मासळी हायस काय तू? पस्तीस आले तरी घरी यायचं. नापास झालीस तरी घरीच यायचं. दुसरं घर हाय काय तुला, येडे?"

कावळे मासळीवर उतरले, त्यांना हाकलायचंही सत्यवतीला सुचलं नाही.

"आता तूच सांग," शेवटी ती म्हणाली. "किती धरायचे?"

रुचिरानं नाक पुसलं. खरंच मनाशी हिशोब केला. इंग्रजी वाढेल, गणित जेमतेम, मराठी आहेच. "पासष्ट," ती म्हणाली, आणि आईच्या तोंडाकडे बघत थांबली.

सत्तर. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. वीस वर्षांची सवय, समोरून भाव आला की पाच चढवायचेच. सत्यवतीनं तो आकडा गिळला.

"बरं," ती म्हणाली.

रुचिरा अजून बघत होती. आईनं आकडा चढवला नाही. मग तीच उठली, गणवेशावरची माती झटकली आणि दप्तर खांद्याला लावलं.

"चल, आये. उद्या भूमितीचा पेपर हाय."